एकास पस्तीस : रणगाड्याच्या अचूक प्रतिकृतीचा इतिहास

१/
जगभर रणगाड्यांच्या अचूक प्रतिकृती ज्या प्रमाणात सर्वाधिक घडवल्या जातात ते प्रमाण आहे एकास पस्तीस. खऱ्या वाहनावरचे पस्तीस मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर. हे प्रमाण कोणत्याही लष्करी आराखड्यातून किंवा अभियंत्याच्या मोजपट्टीवरून आलेले नाही. ते ठरले दोन बॅटरी सेलांमुळे. या धाग्यात त्या प्रमाणाची, त्याच्या भोवती वाढलेल्या अचूकतेच्या ध्यासाची आणि शेवटी अहिल्यानगरात उभ्या असलेल्या एका रणगाड्याची हकिकत आहे.

२/
जपानमधील शिझुओका हे लाकडाच्या व्यापाराचे शहर. तेथे १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याचा उद्योग सुरू केला. पुढे त्याला लाकडी खेळण्यांची जोड मिळाली. १९५१ च्या आगीत लाकडाचा साठा जळाला आणि हळूहळू जोडधंदाच मुख्य धंदा झाला. लाकडाची जागा प्लास्टिक घेत होते. तामियांनी १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लास्टिक संच काढला. तोच विषय घेऊन स्पर्धकाने स्वस्त संच आणला आणि तामियांचा प्रयत्न फसला.

३/
योशिओंचे पुत्र शुन्साकू यांनी त्यानंतर जर्मनांचा ‘पँथर’ रणगाडा हाती घेतला. तो मोटारीवर चालणारा, मुलांनी अंगणात पळवावा असा असायला हवा होता. आत मोटार, दातेरी चाके आणि दोन सेल मावतील एवढा आकार ठरवला गेला. नंतर मोजून पाहिले तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. हा पँथर तुफान खपला, पुढचे रणगाडे त्याच मापाने निघाले, आणि १९६८ पासून ‘मिलिटरी मिनिएचर’ या मालिकेने ते माप जगभर रूढ केले. युक्रेनपासून चीनपर्यंतचे कारखाने आज त्याच प्रमाणात साचे कापतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या या छंदाचा पाया सेलाच्या लांबीवर उभा आहे, हे छंदिष्टांनाही ठाऊक असते. त्यांना त्याची गंमतच वाटते.

४/
मराठी माणसाला प्रमाणाचा हा प्रश्न बालपणीच भेटलेला असतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, आणि बाजारातून आणलेला मावळा बुरुजाहून उंच निघतो. त्याने कोणाचे काही अडत नाही. किल्ला कोणता हे सांगता आले की पुरे. रणगाड्याच्या प्रतिकृतीत नेमके तेच पुरत नाही. ‘पँथर’ म्हटल्यावर तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या महिन्याचा, हे विचारले जाते.

५/
ही सवय छंदातून उपजलेली नाही. तिच्यामागे युद्ध आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकी नौदलाने देशातील शाळांकडे पाच लाख विमान-प्रतिकृतींची मागणी केली. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे एक इंचाला सहा फूट. मुलांनी लाकूड तासून, काळा रंग देऊन त्या धाडल्या. पस्तीस फुटांवरून पाहिलेली अशी प्रतिकृती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तिच्यावरून तोफचीला आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे शिकवले जाई. पंखाच्या टोकाची गोलाई चुकली तर शिकणारा चुकीचे शिके, आणि त्याची किंमत आपल्याच वैमानिकाला मोजावी लागे. रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतीही ओळख-प्रशिक्षणासाठी त्या काळी बनवल्या गेल्या. घरातल्या टेबलावर आलेला हा नेमकेपणा मुळात बराकीतला.

६/
मग शीतयुद्ध आले आणि प्रश्न उलटला. प्रतिकृती अचूक निघाली तर? १९६१ मध्ये अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीचा संच काढला. तिचे कवच उघडून आतली रचना पाहता येई. अणुपाणबुड्यांचे प्रवर्तक अ‍ॅडमिरल रिकोव्हर संतापले. लाखो डॉलर मोलाची माहिती सोव्हिएत संघाला तीन डॉलरहून कमी किमतीत मिळाली, असा त्यांचा आक्षेप होता.

७/
पंचवीस वर्षांनी याचीच दुसरी बाजू दिसली. १९८६ मध्ये टेस्टर्स या कंपनीने ‘एफ-१९’ नावाच्या गुप्त विमानाची प्रतिकृती विकायला काढली. ते विमान कोणी पाहिले नव्हते. रडारला चकवायचे तर आकार कसा असेल, या तर्कावर ती रचली होती. तिचा खप प्रचंड झाला आणि अमेरिकी काँग्रेसमध्येही तिच्यावरून प्रश्न उठले. जे लोकप्रतिनिधींनाही दाखवले जात नाही ते खेळण्यांच्या दुकानात कसे मिळते, असा त्यांचा सवाल होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या विमानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. ते होते एफ-११७, सपाट पैलूंचे, कोनाकोनांचे. प्रतिकृती होती गुळगुळीत, गोलाईची. लाखो घरांत जपून ठेवलेले ते विमान अस्तित्वातच नव्हते. बारीकसारीक तपशील भरून काढलेली कल्पनाही खऱ्यासारखी दिसते, हे या छंदाने तेव्हा शिकायला हवे होते. ते तितकेसे शिकले गेले नाही.

८/
शुन्साकू तामिया यांचा मार्ग वेगळा होता. ते समोर जाऊन मोजत. अमेरिकेतील अ‍ॅबर्डीन येथे लष्कराने जगभरचे रणगाडे जमवले होते. तेथे जाऊन त्यांनी प्रत्येक वाहनाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली. पुढे एका मोटारीच्या प्रतिकृतीसाठी त्यांनी पोर्शे ९११ विकत घेऊन खोलली. ती पुन्हा जोडायला कंपनीचे कारागीर बोलवावे लागले, असे सांगतात. पाश्चात्त्य रणगाडे अशा रीतीने पाहता येत, सोव्हिएत मात्र नाहीत. माहिती मिळावी म्हणून शुन्साकू टोकियोतील सोव्हिएत दूतावासात गेले. माहिती मिळाली नाही, उलट जपानी सुरक्षा पोलिसांची नजर त्यांच्यावर बसली. रणगाड्याच्या चाकांची संख्या विचारायला आलेला माणूस खेळण्यांचा कारखानदार असेल यावर कोणता पोलीस विश्वास ठेवील?

९/
वाट मोकळी झाली ती युद्धानेच. इस्रायलने अरब राष्ट्रांशी झालेल्या युद्धांत सोव्हिएत बनावटीचे शेकडो रणगाडे ताब्यात घेतले. १९७३ च्या युद्धात टी-६२ हा तेव्हाचा नवा रणगाडाही हाती लागला. शुन्साकू मोजमापांसाठी इस्रायलला गेले. टी-५५ आणि टी-६२ दुरून सारखेच वाटतात. दोघांनाही एका बाजूला पाच मोठी चाके. पण टी-५५ मध्ये पहिल्या व दुसऱ्या चाकात मोठे अंतर असते, तर टी-६२ मध्ये ते मागच्या तीन चाकांच्या दरम्यान असते. तोफेच्या नळीवरचा, धूर बाहेर ओढणारा फुगीर भाग टी-५५ वर अगदी तोंडाशी असतो. टी-६२ वर तो थोडा मागे सरकलेला असतो. मैदानातल्या सैनिकाला आणि टेबलावरच्या छंदिष्टाला लागणारी ही माहिती एकच. पहिल्याला ती दुर्बिणीतून, क्षणात हवी असते. दुसऱ्याला रविवारची अख्खी दुपार मिळते.

१०/
आता थोडा हिशेब. सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा सुमारे ३.३९ मीटर रुंद. पस्तिसाने भागले की साधारण ९७ मिलिमीटर. त्याच्या ‘वीस पौंडी’ तोफेचा व्यास ८४ मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे प्रतिकृतीत २.४. बुरुजाच्या पुढच्या भागातले चिलखत १५२ मिलिमीटर जाड, ते इथे ४.३ भरते. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. जोडताना अर्धा मिलिमीटर चुकला तर खऱ्या रणगाड्यावर झडप पावणेदोन सेंटिमीटर सरकली. जमिनीवरची खरी वाळू घेऊन प्रतिकृतीवर टाकली तर एक मिलिमीटरचा कण साडेतीन सेंटिमीटरचा खडा ठरतो. त्यामुळे धुळीसाठी पिठासारखी वस्त्रगाळ रंगपूड वापरावी लागते.

११/
ओतीव पोलादाचा बुरूज कधीच गुळगुळीत नसतो. त्याला वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा असतो. तो आणण्यासाठी पातळ पुट्टी लावून ती ओली असतानाच राठ कुंचल्याने टोचतात आणि वाळल्यावर पॉलिश पेपर हलका फिरवतात. वेल्डिंगची रेघ म्हणजे ताणलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा, द्रावकाने मऊ करून सुरीच्या टोकाने दाबलेला. चिखलरोधकाचा पत्रा संचात एक मिलिमीटर जाड आला तर तो साडेतीन सेंटिमीटरचे पोलाद झाला. म्हणून तो काढून पितळी पत्रा बसवतात, आणि ठोकर लागल्यासारखा चिमट्याने वाकवतात. जुन्या, मोटारीच्या संचांत तळाला बटणासाठी व मोटारीसाठी भोके असत. ती बुजवण्यातच पहिला आठवडा जाई.

१२/
इथपर्यंतचे सारे हातांचे काम, आणि ते शिकता येते. खरी अडचण पुढे आहे. हे अचूक म्हणायचे ते कशाशी? कारखान्याचा आराखडा सांगतो की रणगाडा कसा व्हायचा होता. तो तसा झालाच असे नाही. पुरवठादार बदलतो, दिव्याची बैठक बदलते, सैनिक पत्र्याचे डबे दोरीने बांधतात. छायाचित्र एक क्षण दाखवते, पण एकाच बाजूने. भिंगाने कडा वाकलेल्या असतात, रंग उतरलेले असतात. आणि संग्रहालयातला रणगाडा, ज्याला हात लावता येतो, मोजपट्टी लावता येते, तोच सर्वांत जास्त फसवतो. त्याची चाके कधी दुसऱ्याची असतात, झडपा वेल्ड करून बंद केलेल्या असतात, आणि दर समारंभाआधी चढवलेल्या ऑइलपेंटच्या थरांखाली ओतकामाचा खरखरीतपणा केव्हाच गाडला गेलेला असतो.

१३/
आजच्या युद्धांत साधनांची टंचाई नाही, उलट पूर आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमधील रणगाड्यांची छायाचित्रे काही तासांत जगभर पोहोचू लागली. बुरुजावर लोखंडी गजांचे पिंजरे चढले. ड्रोनपासून बचाव व्हावा म्हणून रणभूमीवरच जोडलेले, कोणत्याही आराखड्यात नसलेले. छंदिष्ट ते गज मोजू लागले. जळालेल्या वाहनाच्या चाकावरून आणि उरलेल्या दिव्याच्या बैठकीवरून ते कोणत्या उपप्रकाराचे होते हे ठरवण्याचे काम अनेक अभ्यासकांनी केले आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या हानीच्या याद्या तयार झाल्या. नजर तीच, टेबलावर घडलेली. पण ज्या छायाचित्रात गज मोजायचे त्याच छायाचित्रात कधी चालकाची झडप उघडी असते, कधी बंद. बंद असेल तर त्याचा अर्थ काय, हे मोजणाऱ्याला कळत असते. काही जण अशा वाहनांची प्रतिकृती काही वर्षे तरी करायची नाही असे ठरवतात. काही जण म्हणतात की करणार तर आत्ताच, पुरावा ताजा असताना. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. दोन्ही बाजूंनी परस्परांना निर्दय किंवा भाबडे म्हणण्यात मात्र नाही.

१४/
या प्रश्नाचे उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, हे भारतीय चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे ठिकाण. तेथे १९९४ साली रणगाडा संग्रहालय सुरू झाले. वेगवेगळ्या देशांचे व वेगवेगळ्या युद्धांतले सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या तेथे उघड्यावर उभ्या आहेत. शिर्डीच्या वाटेवरचे पर्यटक त्यांच्यापुढे छायाचित्रे काढतात. आणि दुरुस्त करून जतन केलेला ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियनही याच शहरात, चिलखती दलाच्या केंद्रात आहे.

१५/
फामागुस्ता हे सायप्रसमधल्या एका बंदराचे नाव. हा रणगाडा होता १७ पूना हॉर्स या रेजिमेंटचा. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ च्या पुणे कराराने जे घोडदळ उभे राहिले त्याची ही परंपरा. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात, बसंतर नाल्यापलीकडे, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच्या बुरुजात होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. सैन्यात अधिकारी होऊन सहा महिने झालेले. समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे. फामागुस्ताला गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश बिनतारी यंत्रावर आला. तोफ अजून चालते आहे, असे सांगून खेत्रपाल थांबले. त्यानंतरच्या गोळ्याने ते गेले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळाले. त्याच रणगाड्यात बिनतारी यंत्र सांभाळणारे सवार नंदसिंगही मारले गेले.

१६/
हा रणगाडा एकास पस्तीस प्रमाणात करायचा तर काय करावे लागेल? बाजारात सेंच्युरियनचे संच मिळतात. तामियांचा आहे तो मार्क ३, कोरियाच्या युद्धातला. पण भारताने घेतलेले सेंच्युरियन मार्क ७. त्यांत जादा इंधनटाकीसाठी मागचा भाग लांबवलेला होता, इंजिनावरचे पत्रे वेगळे होते, आणि वीस पौंडी तोफेच्या नळीवर धूर ओढणारा फुगीर भाग होता. मार्क ३ च्या संचातली नळी साधी, म्हणून ती बदलावी लागते. मागचा भाग कापून प्लास्टिकच्या पत्र्याने वाढवावा लागतो. एवढे झाले की प्रकार अचूक झाला. फामागुस्ता मात्र अजून झालेला नाही.

१७/
कारण आता वेळ ठरवावी लागते. १६ डिसेंबरला गोळा लागण्याआधीची की नंतरची? आधीचा रणगाडा धड आहे. नंतरचा जळतो आहे. आजचा, अहिल्यानगरचा, स्वच्छ व रंगवलेला आहे. त्याच्यावरून मापे घ्यावीत, रंग घेऊ नये. बाजूच्या कवचपट्ट्या रणांगणात अनेकदा काढून ठेवत. त्या दिवशी होत्या की नव्हत्या, हे त्या दिवसाच्या छायाचित्रानेच सांगावे. तसे सापडले नाही तर पट्ट्या लावणे आणि न लावणे हे दोन्ही तर्कच. प्रामाणिक कारागीर प्रतिकृतीसोबतच्या चिठ्ठीत तसे लिहून ठेवतो. न लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांनाच प्रदर्शनांत बक्षिसे मिळतात अशी तक्रार या वर्तुळात कायमची ऐकू येते.

१८/
चिखलाचे पाहा. पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांचे क्षेत्र पुरते साफ होण्याआधीच नाला ओलांडून पुढे गेले होते. म्हणजे चाकांवर आणि तळाशी नाल्याच्या पात्रातला ओला, गडद चिखल. वरती डिसेंबरची कोरडी, फिकट धूळ. आसपास उसाची शेते व उंच गवत, म्हणजे पट्ट्यांच्या सांध्यांत तुटलेली पाती. हे कुठल्या पुस्तकात रंगाच्या क्रमांकासह दिलेले नसते. लढाईचा क्रम वाचून, नकाशा समोर ठेवून ते काढावे लागते. छंदाचा हा भाग इतिहासकाराच्या कामाच्या सर्वांत जवळचा आहे. बहुतेक जण तो वगळतात आणि बाटलीवर ‘चिखल’ लिहिलेला युरोपीय तपकिरी रंग लावून मोकळे होतात.

१९/
हिरव्या रंगावरचा वाद तर मिटतच नाही. दुरून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून लहान प्रतिकृतीवर मूळ रंगात पांढरा मिसळावा असा एक पक्ष. डबीतला खरा रंग लावला तरच खरे, असा दुसरा. पहिल्या पक्षाचे डोळ्यांशी जमते, दुसऱ्याचे कागदाशी. रणगाडा रणांगणात एकाच रंगाचा राहत नाही. ऊन, डिझेलचे ओघळ, चढउतार करणाऱ्यांच्या बुटांनी घासलेल्या कडा, सारे त्यात मिसळते. त्यामुळे निदान इथे तरी डोळ्यांचे ऐकणे बरे.

२०/
शुन्साकू तामिया २०२५ च्या जुलैत, नव्वदाव्या वर्षी वारले. सेलांच्या लांबीवरून ठरलेले प्रमाण त्यांच्यामागे तसेच चालू आहे. सेंच्युरियनच्या बुरुजात उजवीकडे पुढे तोपची बसे, त्याच्यामागे रणगाड्याचा प्रमुख. बिनतारी यंत्र सांभाळून गोळे भरणाऱ्याची जागा डावीकडे. प्रमुखाची पाच सेंटिमीटरची आकृती उघड्या झडपेतून छातीपर्यंत बाहेर दिसेल अशी बसवता येते, आणि बहुतेक जण तेवढेच करतात. नंदसिंगांची जागा करायची तर आसन, गोळ्यांचे खण, बिनतारी यंत्राची पेटी हे सारे हाताने कोरावे लागते, आणि बुरुजाचा वरचा भाग चिकटवला की त्यातले काहीच दिसत नाही. काही जण तरीही ते करतात. करून झाल्यावर एक छायाचित्र काढतात, आणि मग बुरूज बंद करतात.

(धागा समाप्त)